वेडेपणाचं इंग्रजी

शेबाने वाक्यावर लाल रेघ इतक्या जोरात ओढली, की कागद फाटला.

"जिन्सी, ‘फूल्स एरंड’ म्हणजे मूर्खाने केलेलं काम नव्हे. शहाण्या माणसाचाही होतो तो. फुकटचा खेटा, हाती काही न लागणारा! किती वेळा सांगू?"

"चुकलं, चेची," जिन्सी थोरल्या नणंदेला म्हणाली.

ती खोबरेल माखलेल्या हातांनी फणसाचे गरे सोडवत होती. शेजारी तिची दीड वर्षांची टेसा आठळ्यांशी खेळत होती. एखादी आठळी तोंडाकडे जाऊ लागली की जिन्सी मान न वळवताच ती काढून घेई.

"परवा इंग्रजीची परीक्षा आहे. तिसऱ्यांदा. आता नापास झालीस तर इंग्लंडची नोकरी गेली, कळतंय ना?"

"हो."

"‘फूल्स पॅराडाइज’?"

"मूर्खांची स्वर्गातली जागा. आपले शेजारचे वर्गीसअच्चायन जाणार आहेत तिथे."

शेबाला हसू आलं, आणि त्याचाच जास्त राग आला. तिच्या क्लासमधून कितीतरी नर्सा परदेशी गेल्या होत्या. घरची भावजय मात्र, कॉलेजात इंग्रजीत पहिली आलेली, दोनदा निबंधातच आपटली. गाव विचारी, काय हो टीचर, दिव्याखाली अंधार?

"आई टेसाला सांभाळेल. वर्षा-दोन वर्षांनी जोबी तिला घेऊन येईलच तिकडे. तू फक्त चित्त लाव, मोळे, पोरी माझी. हं, ‘प्ले द फूल’. वाक्य लिही."

जिन्सीने हात पुसले, लिहिलं आणि कागद सरकवला. मागच्या दोन्ही परीक्षांत मी ‘प्लेड द फूल’.

"अगं देवा! ‘प्ले द फूल’ म्हणजे माकडचेष्टा करणं. तू काय परीक्षेत नाचलीस? येत असून न आल्याचं सोंग करणं, वेड पांघरणं, त्याला म्हणतात ‘प्ले डम्ब’. तू तर..."

लाल पेन तसंच अधांतरी राहिलं.

जिन्सीने टेसाला उचलून मांडीवर घेतलं. दुपारभर खाली असलेली नजर वर केली आणि शेबाच्या चेहऱ्यावरून हलवली नाही.

"मग तेच लिहायला हवं होतं, चेची," ती हळूच म्हणाली.

फाटकाशी स्कूटर थांबली. जोबी हेल्मेट काढत पायरीवर आला.

"काय चेची, होईल ना या खेपेला?"

शेबाने कागदाची घडी घातली, आणखी एक घातली, आणि मुठीत धरली.

"कच्ची आहे रे," ती भावाला म्हणाली. "फारच कच्ची आहे."