कोरड्या वातीचा सूड

मी नेरच्या एका शाळेतला आर्द्रतामापी बोलतोय. हवेत ओलावा किती, हे सांगणं माझं काम. लाकडी पाटीवर दोन तापमापी शेजारी शेजारी बसवलेत. उजव्याच्या बुडाला सुती वात गुंडाळलेली, वातीचं टोक खालच्या वाटीतल्या पाण्यात. पाणी उडून जातं तसा उजवा पारा गार पडून खाली उतरतो. दोघांतला फरक घ्यायचा, खाली चिकटवलेला तक्ता पाहायचा, झालं. एवढं शिकूनही मला माझ्याच आकड्याची खात्री नसते. माझ्या दोन पाऱ्यांचं सहसा एकमत होत नाही, त्यामुळे असेल कदाचित. पुढचं सांगताना कुठे चुकलो, तर सांभाळून घ्या. राग मात्र माझा अचूक आहे.

अंबाल्याच्या कारखान्यातून भुशाच्या खोक्यात आलो तेव्हा वाटलं होतं, पोरं हाताळतील. राजकुमार सरांनी मला काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. "पोट्टे फोडतीन," म्हणाले. सहा वर्षं माझ्या वाटीत पाण्याचा थेंब पडला नाही. वात वाळून कडक झाली.

सर आठवीच्या सेमी-इंग्रजी तुकडीला विज्ञान शिकवत. म्हणजे इंग्रजीतली व्याख्या फळ्यावर लिहीत आणि वर्गाकडून घोकून घेत. अर्थ मराठीत विचारलेला चालत नसे. बंजारा तांड्यांवरच्या गोर बोलीचा शब्द तर त्यांच्या कानाला टोचायचा. ते स्वतः तांड्यावरूनच शिकून आले होते.

राखीही तांड्यावरची. एकदा तिने पुस्तकातलं माझं चित्र पाहिलं, मग कपाटाकडे पाहिलं आणि उभी राहिली.

"सर, चित्रात वाटीत पाणी हाय. आपल्यात काहून नाही?"

"आस्क इन इंग्लिश."

तिने चित्रातल्या वाटीवर बोट ठेवून दाखवलं.

"सिट डाऊन. तांड्यावरचं इथं नाही चालत."

वर्ग हसला. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणी माझ्याबद्दल योग्य प्रश्न विचारला होता आणि त्याला खाली बसवलं गेलं. त्याच दिवशी मी सूड घ्यायचं ठरवलं. पण कुलपातल्या यंत्राने सूड घ्यायचा कसा?

फेब्रुवारीत सरांनी राखीच्या वडिलांना, धरमसिंगांना, बोलावलं. पोरीला इंग्रजी झेपत नाही, तिला सेमीतून काढून ब तुकडीत टाकायचं, अर्जावर सही करा. नेमक्या त्याच दिवशी तपासणीला नाजिया मॅडम आल्या. सरांनी घाईघाईने मला बाहेर काढलं, धूळ पुसून टेबलावर उभं केलं. पाणी घालायचं त्यांना सुचलंच नाही. धरमसिंग अर्ज हातात घेऊन दारात उभे होते.

"आज किती दाखवतोय हा?" मॅडमनी विचारलं.

माझे दोन्ही पारे एकतीसवर होते. कोरड्या वातीला दुसरं काय जमणार! सर वाकले. फरक शून्य, तर आर्द्रता शंभर, ही ओळ त्यांना पाठ होती.

"हंड्रेड पर्सेंट, मॅडम."

बाहेर मैदान उन्हाने भेगाळलं होतं. चाळीस पोरांसमोर मी त्यांचं ते वाक्य लटकू दिलं. केवढा आनंद झाला मला!

"शंभर कायचे, मॅडम!" राखीला राहवलं नाही. "ओठ फुटून राह्यले आमचे. बा काल मंडीत कापूस घेऊन गेलता, ग्रेडरनं मशीन खुपसली तं मॉइश्चर आठच आलं."

"इंग्लिश!" सर ओरडले.

राखीने माझ्या वाटीकडे बोट केलं. "वॉटर... नो वॉटर. क्लॉथ ड्राय. बोथ सेम."

"कळलं की सगळं," मॅडम हसल्या. "ये, दाखव."

राखीने आपल्या बाटलीतलं पाणी वाटीत ओतलं, वात बोटांनी दाबून दाबून भिजवली. सहा वर्षांनी पाणी! उजवा पारा उतरत उतरत एकोणीसवर थांबला. तिने तक्त्यावर बोट फिरवलं. "ट्वेंटी एट."

"सर, हिला काढायला निघालात तुम्ही?"

"मॅडम, भाषेचा प्रॉब्लेम..."

"भाषा येईल. विज्ञान आलंय. ही इथेच राहील. रोज हिच्याकडून आकडा फळ्यावर लिहून घ्या. आधी तिच्या बोलीत सांगू द्या, मग इंग्रजीत."

"मंग सही कुठं करू जी?" धरमसिंगांनी दारातून विचारलं.

"फाडून टाका तो अर्ज."

"राहू द्या," म्हणत त्यांनी त्याची घडी करून खिशात घातली. "हिच्या मायले, मानीबाईले दाखवतो, कशातून वाचली पोरगी."

वाटलं होतं, आता माझा राग निवेल. निवला नाही. हल्ली मी वर्गात भिंतीवर टांगलेला असतो. काल शाळा सुटल्यावर सर एकटेच आले. वात भिजवली, दोन्ही पारे पाहिले आणि तक्त्यापाशी अडकले. उभी ओळ, आडवी ओळ, पुन्हा उभी. तोंडातल्या तोंडात गोर बोलीत मोजत होते. त्यांच्या हाती कुणी कधी यंत्र दिलंच नसावं, नुसती व्याख्या दिली असावी. इथे मला दया यायला हवी होती का? माझंच चुकत असेल. पण आली नाही.

राखीला विचारा, सर. ती नीट समजावून सांगेल, तुमच्या-तिच्या बोलीत. पण एकटीला गाठून नको. भरल्या वर्गात विचारा.