अंबाड्याकडची बाजू

बायनाबाईंची खुर्ची फिरली आणि राजेश्रीचे हात थांबले.

परभणीच्या कलासंस्थेत शिल्पकलेच्या प्रवेशाची परीक्षा चालू होती. फिरत्या चौथऱ्यावर बसलेल्या म्हाताऱ्या बायनाबाईंचं डोकं मुलांनी मातीत घडवायचं होतं. निवड झाली तर शिल्पकला, नाहीतर मुकाट्याने डीएड, असं वडिलांनी राजेश्रीला बजावलं होतं.

चेहरा तिला अवघड नव्हता. गंगाखेडला त्यांच्या घरी महालक्ष्म्यांचे मुखवटे घडत. नाक, ओठ, पापण्या बोटांना पाठ. सवयीने तिने बायनाबाईंना नसलेली नथही घातली होती! आता मात्र समोर बाईंची पाठ आली. चेहरा पुन्हा फिरून येईल म्हणून ती वाट पाहत बसली. घड्याळ पुढे सरकत होतं.

परीक्षा घेणारे धम्मपाल सर जवळ थांबले. "काय गं, हातांना उपवास हाय का?"

"तोंड दिसंना, सर."

"मग बाई उठून गेल्या का?" म्हणत ते पुढे गेले.

राजेश्रीने पहिल्यांदाच मातीचं डोकं ठेवलेला आपला पाट फिरवला. मागे मातीला आधार देणारी लाकडी खुंटी उघडीच. बाकी काही नाही. मुखवट्याच्या मागे साडीचा पदर येतो. तिकडे कोण बघतं? तेवढ्यात जड चेहरा पुढे कलला. तिने हनुवटी तळहातावर झेलली.

घमेल्यात माती उरली नव्हती. तिने नथ उपटली. मग माती कापायच्या तारेने गाल कापले आणि ती माती मागे लावली. ते गोड हसू गेलं. बायनाबाईंची मान मात्र आता मातीत दिसायला लागली : ताणलेली शीर, कानामागचा खळगा, सुपारीएवढा अंबाडा. बोटांना यातलं काही येत नव्हतं. ती बघायची, लावायची, चुकायची, पुन्हा बघायची.

घंटा झाली.

बायनाबाई उतरून आल्या. "अगं बया, मागून अशी दिसते व्हय मी? लय वाळले की!"

सर हसले नाहीत. "तोंड का मोडलंस? देखणं होतं."

"मागं माती पुरंना, सर."

त्यांनी पाट सावकाश पूर्ण फिरवला. पुन्हा कलतं का म्हणून राजेश्रीची नजर हनुवटीवर खिळली. डोकं हललं नाही. अंबाड्यापाशी सर थांबले, अंगठ्याने तो खळगा चाचपला.

"वडलांना सांग, डीएडचा अर्ज भरू नका म्हणावं," ते म्हणाले. "अन् आता गालाला नवी माती घे. ते तोंड पुन्हा घडवायचंय आपल्याला."