शून्यापासून मोजणारा मेनू

आमच्या येरिंबा गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी एकोणीस वर्षं काढली. समोर भोकांची फळी, हातात जोडणीच्या दोऱ्या. खाटकाला पाद्र्याशी जोडायचं, पाद्र्याला डॉक्टरशी. एवढ्या वर्षांत एकदाच चुकीची जोडणी झाली, आणि त्या दोघांनी पुढे लग्न केलं. त्यामुळे माझ्या घरच्या एकाच कॉम्प्युटरमध्ये तीन सिस्टिम आणि चालू करताना 'कुणाशी बोलायचंय?' असं विचारणारा मेनू, यात मला काही नवल वाटलं नाही. नवल न वाटणं हेच पुढे भोवलं.

मेनू मांडून दिला होता डेसने. आमच्या लायब्ररीत म्हाताऱ्यांचा कॉम्प्युटर क्लब भरतो, तो हाच चालवतो. मेनूत चार ओळी होत्या. पहिली क्लबच्या फुकटच्या सिस्टिमची, दुसरी नव्या विंडोजची, तिसरी जुन्या विंडोजची, कारण आमच्या शेतकी प्रदर्शनाच्या नोंदींचा प्रोग्रॅम तिच्यावरच चालतो. चौथी ओळ मेमरी टेस्टची. "हिला हात लावायचं कारण नाही," डेस म्हणाला होता.

मी प्रदर्शनात मुरंबे, लोणची आणि जॅमच्या टेबलाची प्रमुख. एकतीस वर्षं. बरण्यांवर फक्त नंबर असतात. कुठली बरणी कुणाची हे परीक्षकांना कळता कामा नये, म्हणून नावं एका यादीत आणि यादी माझ्याकडे. या वर्षी कमिटीच्या सभेत मी उभी राहून जाहीर केलं, "कागदाचे दिवस गेले. यादी फक्त कॉम्प्युटरमध्ये." लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर मी भाग घेणाऱ्यांची नावं टाइप केली आणि त्यांचे कागदी अर्ज शेगडीत घातले. छान पेटले.

मेनू दहा सेकंद थांबायचा, मग आपोआप पहिल्या ओळीत शिरायचा. दहा सेकंद! एक्स्चेंजमध्ये मी कुणाला इतका वेळ ताटकळत ठेवलं असतं तर पोस्टमास्तरांनी घरी पाठवलं असतं. म्हणून प्रदर्शनाच्या आठवड्यात मी स्वतःच सेटिंग बदललं. थांबायचा वेळ शून्य. आपोआप उघडायची ओळ तिसरी, म्हणून लिहिलं तीन. चष्मा लावून दोनदा तपासलं आणि स्वतःला एक बिस्किट दिलं.

शुक्रवारी दुपारी यादी छापायला बसले. हॉलमध्ये दोनशे बारा बरण्या मांडून झाल्या होत्या. सकाळी आठला परीक्षक येणार, दहाला दरवाजे उघडणार, त्याआधी बक्षिसांच्या चिठ्ठ्यांवर नावं जायला हवीत. कॉम्प्युटर चालू केला. मेनू दिसलाच नाही. निळा पडदा आला आणि आकडे धावायला लागले. मेमरी टेस्ट. बंद केला, चालू केला. पुन्हा तेच. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला चार वेळा तीच परीक्षा, आणि एकदाही पास नापास सांगेना.

डेसला फोन लावला. तो धरणावर मासे पकडत होता.

"तीन लिहिलंस?" तो म्हणाला. "अगं मर्ल, ते शून्यापासून मोजतं. पहिली ओळ म्हणजे शून्य. तुझी तिसरी म्हणजे दोन. शहरातल्या लिफ्टमध्ये बसली नाहीस का कधी? तळमजला शून्य."

"मी जिने चढते."

"म्हणूनच. आता ऐक, घाबरू नको. चालू केल्याकेल्या शिफ्टचं बटण दाबून धर. वेळ शून्य असला तरी मेनू दिसेल. मग बाणाने तिसऱ्या ओळीवर ये आणि एंटर दाब."

दाबलं. बोट दुखेपर्यंत दाबलं. निळा पडदा.

"तुझा कीबोर्ड तो बिनतारी आहे का, फिकट जांभळा?"

"मुलीने दिलाय. सुंदर आहे."

"सुंदर आहे, पण सिस्टिम उघडेपर्यंत तो झोपलेला असतो. तारेचा कीबोर्ड आण. माझे सगळे क्लबच्या कपाटात आहेत, किल्ली माझ्या खिशात, आणि मी अंधार पडेपर्यंत इथून हलत नाही. तुझा जुना होता ना? कुठे गेला?"

कुठे गेला ते मला चांगलं आठवत होतं, आणि तेच दुखणं होतं. मागच्या वर्षी प्रदर्शनातल्या नको झालेल्या वस्तूंच्या स्टॉलवर मी तो दिला. तो घेतला आयलीन पास्कोने.

आयलीन आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो, आणि जॅमच्या टेबलावर चाळीस वर्षं एकमेकींसमोर उभ्या आहोत. तिला लेमन बटरचं, म्हणजे लिंबू, लोणी आणि अंडी घालून केलेल्या जॅमचं, पहिलं बक्षीस नऊ वेळा मिळालं आहे. तिला फोन करण्यापेक्षा मी दोनशे बारा घरांत बरण्या घेऊन हिंडले असते. पण परीक्षक सकाळी आठला येणार होते.

"तुला तो कीबोर्ड हवाय?" आयलीन म्हणाली. "कोंबड्यांच्या खुराड्याचं दार अडवायला ठेवलाय मी. का गं? कागदाचे दिवस संपले ना?"

"आयलीन, आणतेस का नाही?"

"आणते गं. ही मजा मी सोडते होय!"

अर्ध्या तासात आली. कीबोर्डच्या फटींत गव्हाचे दाणे होते, एक पीसही होतं. आम्ही तो स्वयंपाकघराच्या ओट्यावर उलटा आपटला. तार मागे खोचली. शिफ्टवर आयलीनने आपला जाड अंगठा ठेवला आणि मी बटण दाबलं.

आला. मेनू आला. काळ्या पडद्यावर चार पांढऱ्या ओळी. दोऱ्या हातात घेऊन बसल्यासारखं झालं मला, डोळ्यांत पाणीच आलं. खूण चौथ्या ओळीवर होती. बाण एकदा वर, एंटर. जुनं विंडोज सावकाश उघडायला लागलं.

आणि तेव्हा मला आठवलं की यादीत काय आहे.

टेबलाच्या प्रमुखाने आपल्याच टेबलावर बरणी ठेवायची नसते. हा नियम मीच घरोघर सांगत आले. पण सहा वर्षं मी लेमन बटरची एक बरणी ठेवत होते, आईच्या माहेरच्या नावाने. श्रीमती ई. ट्रस्कॉट. आणि आयलीन माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होती.

"तू चहा ठेव ना," मी म्हटलं.

"चहा नंतर. यादी सापडते का बघू दे आधी."

यादी उघडली. दोनशे बारा नावं, एकही कमी नाही. मी भराभरा खाली गेले, पण आयलीन म्हणाली, "थांब. वर जा. आणखी वर. ई. ट्रस्कॉट." तिने नावावर बोट ठेवलं. "मर्ल, तुझी आई जाऊन चव्वेचाळीस वर्षं झाली. तरी दर वर्षी लेमन बटर पाठवते?"

मी छापायचं बटण दाबलं. प्रिंटर खडखडायला लागला, तेवढाच आडोसा.

"नियम मोडलाय मी," मी म्हटलं. "सभेत सांगायचं तर सांग."

"काय सांगू? सगळ्यांना ठाऊक आहे. झाकणावर निळ्या चौकड्यांचं कापड बांधणारी येरिंबात तू एकटीच." तिने हात पुसले. "आम्ही वाट बघत होतो, कधीतरी जिंकशील म्हणून. जिंकलीस की नियमाचं बोलावं लागलं असतं, याचीच चिंता होती. तू कधी तिसरीसुद्धा आली नाहीस."

संध्याकाळी यादी घेऊन आम्ही दोघी हॉलवर गेलो. मी माझी एकशे अठ्ठावन्न नंबरची बरणी टेबलावरून उचलली आणि यादीत त्या नावावर पेनाने रेघ ओढली. कागदावर, पेनाने.

हॉलच्या मागच्या पायरीवर बसून आम्ही ती बरणी उघडली. चमचा एकच होता. आयलीनने आधी घेतलं, जिभेवर फिरवलं, परीक्षकांसारखे डोळे मिटले.

"लिंबाची साल किसून घालत नाहीस तू."

"आई घालायची नाही."

"घालायची. माझ्यासमोर किसायची. तुला किसायला बसवलं की तू पळून जायचीस, एवढंच." तिने चमचा माझ्याकडे दिला. "बाकी तिचंच आहे."