मागच्या सीटवरचे नानाजी

आर्वीच्या नानाजींनी तीस वर्षं स्कूटर चालवली. सरकी-ढेपेचं दुकान, मुलीचं लग्न, बाजार समितीची निवडणूक, सगळं त्या स्कूटरवर झालं. साठी उलटल्यावर मात्र त्यांच्या मनानं घेतलं की आता मागच्या सीटवर बसायचं. आणि मागची सीट म्हणजे जीपची नव्हे. लांब, काळ्या, परदेशी गाडीची.

तशी एक जुनी गाडी कारंज्याला हायवेवर, ओमप्रकाशच्या ढाब्यामागे उभी होती. २००३ चा फेब्रुवारी होता. नानाजी पुनाजी मरस्कोल्हेंना सोबत घेऊन गेले. पुनाजी एसटीतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. इंजिनाला कान लावून बसायचे आणि मग दोन शब्दांत निकाल सांगायचे.

"मुंबईच्या डायरेक्टरसाहेबाची हाय," ओमप्रकाश म्हणाला. "फुलावानी वापरली."

पुनाजींनी खिशातून फुटक्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढलं, फडक्यात गुंडाळून दाराला लावलं. चुंबक खाली पडलं. पुढच्या दाराला लावलं. तिथूनही पडलं.

"नानाजी, पत्रा कमी अन् लांबीचं लिंपण जास्त. जबर ठोकलेली गाडी हाय."

"म्हणून तं वजनाले हलकी," ओमप्रकाश म्हणाला. "अ‍ॅव्हरेज देते."

नानाजींनी मान डोलावली. पुनाजींनी रेडिएटरचं झाकण उघडलं. आत चहासारखं काहीतरी होतं, वर साय आलेली.

"इंजिनाचं ऑईल पाण्यात आलं. हेड गॅस्केट गेलं. हे काम लय मोठं हाय."

"परदेशी गाड्या आतल्या आत आपली सर्व्हिसिंग करतात," ओमप्रकाश म्हणाला.

मीटर एक्केचाळीस हजार किलोमीटर दाखवत होतं. पुनाजींनी वाकून ब्रेकचं पायडल पाहिलं. त्याचं रबर घासून गुळगुळीत झालं होतं, खालचं लोखंड दिसत होतं.

"एवढं घासाले दोन लाख तरी लागतात. मीटर मागं फिरवलं हाय."

"साहेब भित्रे होते. त्याईचा पाय ब्रेकवरच राहे."

"बिचारे," नानाजी म्हणाले, आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. ते टेकले तशी गाडी फुस्स करून हळूहळू खाली बसली आणि बसूनच राहिली.

"सस्पेन्शनची हवा लीक हाय," पुनाजी ओरडले.

"मालक बसला का गाडी बसते," ओमप्रकाश म्हणाला. "अदब हाय."

नानाजींनी डोळे मिटून घेतले होते.

पुनाजींनी आशा सोडली नव्हती. चालवून पाहिल्यावर तरी या माणसाचे डोळे उघडतील, असं त्यांना वाटत होतं. ओमप्रकाश शेजारी बसला. पुनाजींनी गिअर टाकला. इंजिन गर्जलं, पण गाडी जागची हलेना. मग इतका मोठा झटका बसला की ओमप्रकाशची टोपी मागे नानाजींच्या मांडीवर गेली.

"गिअरबॉक्स संपला," पुनाजी म्हणाले.

"विचार करून चालते," टोपी परत घेत ओमप्रकाश म्हणाला.

हायवेवर जेमतेम एक चक्कर मारून ते ढाब्यावर परतले, तेव्हा चारही दारं खट्टकन लॉक झाली. काचा उतरेनात. एसीचं बटण दाबलं तर तोंडावर गरम हवा यायला लागली, ती बंद होईना. छताची खिडकी मात्र अर्धी उघडी अडकलेली होती. ट्रक ड्रायव्हर जमले. एकानं वरून तीन चहा आत सोडले.

"हिवाळ्यात हीटर, उन्हाळ्यात वरून हवा," चहा फुंकत ओमप्रकाश म्हणाला. "दोनीकडून फायदा."

साठ वर्षांचे पुनाजी छतातून वर चढले. दोन ड्रायव्हरांनी त्यांना बखोटीला धरून बाहेर ओढलं. त्यांनी बोनेट उघडून बॅटरीची वायर काढली, परत लावली. दारं उघडली.

घामानं भिजलेले नानाजी उतरले आणि पुनाजींना बाजूला घेऊन म्हणाले, "पुनाजीभाऊ, तुमी मघापासून वाईटच सांगून राह्यले. एक तरी गोष्ट चांगली असंलच ना?"

पुनाजी खोटं बोलणारे नव्हते. त्यांनी बराच विचार केला. परत गाडीत वाकून हॉर्न दाबला.

"हॉर्न चांगला हाय."

"मंग घेतो," नानाजी म्हणाले.

आर्वीच्या वाटेवर चौथ्या किलोमीटरला इंजिननं धूर सोडला आणि मान टाकली. कापूस भरायला आर्वीला चाललेल्या रिकाम्या ट्रकनं दोर बांधून गाडी ओढली. पुनाजी स्टिअरिंग धरून, ब्रेकवर जवळजवळ उभे राहून घाम गाळत होते. वाटेतल्या गावांत माणसं हात जोडत होती. नानाजी मागे रेलून त्यांना मान लववत होते.

"पुनाजीभाऊ, इंजिनचा आवाज तरी येते काय? किती शांत चालते!"

पुनाजींनी पुढच्या दोराकडं पाहत ब्रेक आणखी दाबला.

गाडी दुकानासमोर उभी राहिली ती राहिलीच. नानाजी रोज दुपारी मागच्या सीटवर झोपायचे. महिन्याभरानं ते पुनाजींकडे आले. अमरावतीला अगदी तसलीच गाडी विकायला होती. पार्ट काढायला ती घ्यायची होती.

पुनाजी त्यांच्यासोबत अमरावतीला गेले. चुंबक चारही दारांना घट्ट चिकटलं. पाणी स्वच्छ, ऑईल स्वच्छ, गिअर लोण्यासारखा. गाडीखाली झोपून पाहिलं तर थेंबभर गळती नाही. तासाभरानं ते बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता.

"नानाजी, डोळे झाकून घ्या. आयुष्यात अशी गाडी पाह्यली नाई."

नानाजींचा चेहरा पडला.

"एकही बिघाड नाई?"

"नाई."

"मंग इकून काऊन राह्यला हा माणूस?" नानाजींनी आवाज खाली आणला. "चोरीची असंल. चला पुनाजीभाऊ, इथं थांबू नोका."

दोघं एसटीनं परतले. नानाजींना खिडकी मिळाली नाही म्हणून ते चिडले होते. पुनाजी मात्र ड्रायव्हरच्या मागे बसून, डोळे मिटून, इंजिन ऐकत होते. त्याला काहीही झालेलं नव्हतं.