गुलाबाचा खोडवा

महाशिवरात्र झाली की कोल्हापुरातली थंडी 'शिव शिव' म्हणत निघून जाते आणि निवृत्त माणसांना बाग सुचते. यंदा ती उदयसिंहांना सुचली. साखर कारखान्याच्या शेती खात्यात हयात गेल्यामुळे उसातलं त्यांना सगळं ठाऊक होतं. बाकीच्या वनस्पती म्हणजे बिघडलेला ऊस, असं त्यांचं साधारण मत होतं.

बायको क्रांती भाचीच्या बाळंतपणासाठी पेठ वडगावला निघाली, तेव्हा खांद्याला पिशवी लावूनच तिनं बाग सोपवली. "मोगऱ्याचं पाणी तोडा. पानं मलूल झाली की शेंडे छाटा, शेणखत घाला, मग पाणी. कुंड्यांची माती हलवा. गुलाबाला नुसतं पाणी. बाकी हात लावायचा न्हाय."

"मला शिकवालीस व्हय?"

"म्हणूनच सांगालोय."

हा गुलाब तिच्या वडिलांनी कोडोलीत स्वतःच्या हातानं कलम केलेला. खाली रानगुलाबाचं खोड, त्यावर मळ्यातल्या गावठी गुलाबाचा डोळा भरलेला. फूल फिकट, वास दारापर्यंत. पुढं वडील गेले, मळ्यातलं मूळ झाड रस्ता रुंदीकरणात गेलं. घरात रविवारी मटण धुतलेलं पाणी आधी गुलाबाला मिळायचं, उदयसिंहांना रस्सा त्यानंतर.

परसाल क्रांतीनं त्याची एक फांदी शेजारीण मेहमुदाला दिली होती. तिला ती मातीत रोवताना पाहून उदयसिंहांनी भिंतीवरून ऐकवलं होतं, "काडी खुपसून गुलाब आला असता, तर कृषी विद्यापीठं कशाला काढली असती?"

सांगितलेली कामं आठवड्यात उरकली. अधिकारी राहिलेल्या माणसाला हे कमीपणाचं वाटलं. मग मोबाईलवर त्यांना कानटोपीवाला एक परदेशी माळी सापडला. बर्फ वितळला की गुलाब बेधडक छाटा, असं तो सांगत होता. कॉलनीतला बर्फ वितळलेलाच होता. उदयसिंहांनी गुलाबाकडे पाहिलं. जून खोड, वाळके शेंडे. यावरचा उपाय त्यांनी उभ्या तालुक्याला शिकवला होता: ऊस तोडला की बुडखे जमिनीलगत छाटायचे, खोडवा जोमानं फुटतो. त्यांनी कोयत्याला धार लावली आणि गुलाब मातीबरोबर केला. फांद्या घंटागाडीत गेल्या. वर मूठभर युरिया पडला.

आणि गुलाब फुटला. हातभर, ताठ, हिरवेगार फुटवे. उदयसिंह चहाचा कप घेऊन रोज त्यांच्यासमोर उभे राहू लागले. शेवटी राहवेना, म्हणून त्यांनी फोन केला.

"तुझ्या गुलाबाला काय फुटवा आलाय म्हणून सांगू."

पलीकडे बाळ रडत होतं. "फुटवा? कुठनं?"

"बुडातनं."

क्रांती दुपारच्या एसटीनं आली. पिशवी न ठेवता वाफ्याशी बसली आणि एक देठ हातात धरला. "ह्याला पानं किती?"

"सात."

"आपल्याला पाच हुती."

"म्हणजे सुधारणाच की."

क्रांतीनं वर पाहिलं नाही. "बाबांनी डोळा भरलेला वरच्या अंगाला. तुमी त्याच्या खालनं कापलासा. बाबांचं हुतं ते गेलं. हे नुसतं रानटी खोड उगवालंय."

"पण जोम बघ त्याचा."

"रानटीला जोम असतोयच," ती म्हणाली, आणि आता तिनं नवऱ्याकडे पाहिलं. मग बराच वेळ ती मातीवरून हात फिरवत राहिली. ओरडली असती तर उदयसिंहांना बरं वाटलं असतं. त्याची त्यांना सवय होती.

"मेहमुदाकडं जावा," ती उठत म्हणाली. "फांदी मागून आणा."

"मी?"

"कापलं कुणी?"

मेहमुदाची काडी भिंतीला टेकून कमरेइतकी झाली होती आणि विद्यापीठाला न विचारता फुलली होती. उदयसिंहांनी उन्हाचा विषय काढला. मग नळाच्या पाण्याचा.

"भावजी, पाण्यावर बोलाय आलासा व्हय?" मेहमुदानं विचारलं.

"एक काडी पाहिजे हुती."

"कसली? खुपसायची?" तिच्या सगळं लक्षात होतं. "विद्यापीठात संपल्या काय?"

"डोळा भरायचाय. तिच्या बाबांचं झाड... माझ्या हातनं गेलं."

मेहमुदाचं हसू थांबलं. मग तिची नजर त्यांच्या उजव्या हाताकडे गेली. झाडाकडे जायचं म्हणून सवयीनं कोयता आलाच होता.

"तो ठेवा भिंतीवर," ती म्हणाली. "फांदी मी तोडून देतो की."

क्रांतीनं पातळ ब्लेडनं रानटी फुटव्याची साल उकलली, आत डोळा बसवला. उदयसिंहांना दोऱ्याचं टोक धरायचं काम मिळालं. "नुसतं धरा," ती म्हणाली. "सुधारणा करू नका."

रामनवमीला डोळा हिरवा होता. अक्षय्य तृतीयेला त्यातनं कोंब डोकावला, आणि पानं पाच निघाली. ती उदयसिंहांनी दोनदा मोजली, हात मागं बांधून. कोयता अजून मेहमुदाकडेच आहे. तो परत मागायची घाई दोन्ही घरांत कुणाला नाही.