भिंतीवरचा असुर

समुद्रमंथनातले सगळे देव रंगवून झाले, वासुकीची खवलं झाली, लाटाही झाल्या. उरले होते फक्त असुरांचे चेहरे. बाबली चितारी चेहरे नेहमी शेवटीच काढायचा, त्यामुळे कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. चतुर्थी उद्यावर आली होती, आणि ज्याच्या घरची गणपतीची भिंत तो रंगवत होता, तो धनेश निवडणुकीसाठी गावोगाव हात जोडत फिरत होता.

फिरू दे मेल्याला. बरंच आहे.

तीन वर्षांपूर्वी बाबलीने बाजारातल्या फळ्यावर खडूने एक चित्र काढलं होतं. खाडीकाठी बगळा उभा, चोचीत मासा नाही, वाळू उपसायचा पंप. खाली नाव नव्हतं, पण बगळ्याच्या गळ्यातली सोन्याची जाड साखळी अख्ख्या गावाने ओळखली. दुसऱ्या दिवशी धनेश माणसं घेऊन आला. भर बाजारात त्याने बाबलीला अंगातला सदरा काढून त्या सदऱ्यानेच फळा पुसायला लावला. लोक बघत राहिले, एकही पुढे आला नाही. साठीचा माणूस उघड्या अंगाने घरी गेला. बायकोने, सुभद्रेने, पाण्याचा तांब्या पुढे केला. तेव्हापासून बाबलीने फळ्याला हात लावला नाही, आणि धनेशला माफही केलं नाही.

तरी याच घरातून बोलावणं आलं, ते धनेशच्या आईमुळे, सीताकाकीमुळे. आधी बाबलीचा बाप आणि मग बाबली, तिसऱ्या कुणाचा ब्रश तिला या भिंतीवर चालत नसे. त्या बापाने एकदा जुन्या खोताच्या घरच्या भिंतीवर खोताचंच नाक रावणाला लावलं होतं, आणि खोत पाच दिवस स्वतःच्याच नाकासमोर हात जोडून बसला होता. करणार काय? देव बसला की विसर्जनापर्यंत मागच्या भिंतीला हात लावायचा नाही, ही इथली रीत. बाबलीला तेवढंच पुरे होतं.

दुपारपर्यंत पहिल्या असुराला धनेशचे सुजरे डोळे मिळाले, नाकाजवळचा तीळ मिळाला, गळ्यात साखळी आली. वासुकीच्या तोंडाला पंपाचा पाइप लागला. खालच्या लाटांवर रंग चढवून बाबलीने आपली खाडी काढली, काठ ढासळलेली. फार गोड वाटलं त्याला, खोटं कशाला सांगा.

मागे सीताकाकी कधी येऊन उभी राहिली, ते कळलं नाही. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"ह्यो आमचो धनेश," ती म्हणाली.

बाबलीने ब्रश खाली ठेवला. आता दुसऱ्यांदा पुसायला लागणार. पण खोटं बोलायला त्याची जीभ वळेना. "होय काकी. तुमचोच."

"माझे सोळा माड खाडीत गेले. तेना वाळू उपसल्यान म्हणान. माका म्हणता, आये, नवीन लावूया." तिने चष्मा काढून पदराला पुसला. "रवांदे तसोच."

मग तिने स्वतःच भिंतीवर पडदा ओढून घेतला, आणि देव बसेपर्यंत कुणी तो उचलायचा नाही, असं घरात बजावलं.

दुसऱ्या दिवशी धनेश सोवळं नेसून पूजेला बसला. घर भरून माणसं होती, वाडीतली आणि पक्षातलीही. भटजींनी प्राणप्रतिष्ठा केली, आणि सीताकाकीने पडदा बाजूला केला.

मागे एकाला खोकल्याची उबळ आली, आणि ती उबळ घरभर पसरली. धनेशने मान वर केली. त्याचे कान लाल झाले.

"बाबल्या, पूस ता."

याच शब्दांची बाबली तीन वर्षं वाट बघत होता. "देव बसलो," तो सावकाश म्हणाला. "आता अकरा दिवस भिंतीक कोणी हात लावूचो नाय."

धनेशने आईकडे पाहिलं. तिने पेटलेली आरती त्याच्या हातात दिली.

"ओवाळ," ती म्हणाली.

त्याने ओवाळलं. उजेड देवावरून असुराच्या तोंडावर जायचा आणि परत यायचा. आरती एवढ्या जोरात त्या घरात कधी म्हटली गेली नव्हती. बाबली हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवत होता. नजर धनेशवरून हलत नव्हती, काही म्हणजे काही सुटू द्यायचं नव्हतं त्याला.

मग त्याला सीताकाकी दिसली. तिचे ओठ हलत नव्हते. ती त्या नाकाजवळच्या तिळाकडे बघत होती, आणि तोंडात पदर धरून रडत होती.

बाबलीने टाळ्या थांबवल्या नाहीत. जरा हळू वाजवू लागला, एवढंच.