बाबांना सांगू नका

त्या मंगळवारी बाबांनी दुकानाचं शटर अर्ध्यावरच ठेवलं होतं. दहाला डॉक्टरांकडे रिपोर्ट दाखवायला जायचं होतं आणि तोवर एक शिलाई मशीन हातावेगळं करायचं होतं. चाळीस वर्षं तोच धंदा. झिजलेला भाग गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवल्याशिवाय ते झाकण लावत नसत. "बघा वहिनी, दात पडलाय. मशीनचा, तुमचा नाही," असं म्हणत आणि मगच नवा बसवत.

दवाखान्यात नर्स त्यांना वजन करायला शेजारच्या खोलीत घेऊन गेली. तेवढ्यात दादाने दार लोटून घेतलं.

डॉक्टर कागदावरून नजर न काढता बोलत होते. "किडन्यांचं काम एक तृतीयांशावर आलंय. ब्लडप्रेशरने वर्षानुवर्षं पोखरल्यात. गेलं ते परत येणार नाही, पण उरलंय ते बरीच वर्षं टिकवता येईल. मीठ कमी, प्रेशर ताब्यात, दर महिन्याला रक्ततपासणी. आणि अंगदुखीच्या गोळ्या बंद. एकही नको. अशा किडनीला त्या विषासारख्या असतात."

"डॉक्टर, बाबांना सांगू नका," दादा म्हणाला. "हाय खातील ते. आमच्या काकांना सांगितलं आणि महिन्यात गेले."

काकांचा पोटाचा कॅन्सर सापडला तेव्हाच शेवटच्या टप्प्यावर होता. हे दादाला माहीत होतं, मलाही. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. शिकलेली, चार पुस्तकं वाचलेली मुलगी काही बोलेल असं त्यांना वाटलं असावं. मी मान खाली घातली.

बाबा आत आले. "काय म्हणतंय इंजिन?"

"वयाप्रमाणे आहे," दादा म्हणाला. "अंगात जरा उष्णता आहे, बस्स."

फाईल आईच्या कपाटात चादरींच्या घडीखाली गेली. दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर दोन भांडी दिसू लागली, एक मिठाचं आणि एक जवळजवळ अळणी.

"ही कसली शिक्षा?" बाबा विचारायचे.

"जिभेचे चोचले पुरे आता," म्हणत आई पाठ फिरवायची. ती डोळे पुसते आहे हे तिच्या खांद्यांवरून कळायचं. बाबांना फक्त पाठ दिसायची.

अंगदुखीच्या गोळ्या आम्ही घरातून काढून टाकल्या. ॲसिडिटी होते म्हणून, असं कारण दिलं. बाबांना जन्मात ॲसिडिटी झाली नव्हती. गुडघे मात्र रोज ठणकत होते. बुटक्या स्टुलावर दिवसभर वाकून बसणाऱ्या माणसाने करायचं काय? समोरच्या औषधवाल्याच्या बायकोचं मशीन बाबांनीच दुरुस्त केलेलं. तो चिठ्ठी न मागता गोळ्या द्यायचा. बाबा त्या दुकानातल्या सुयांच्या डबीत ठेवायचे. आम्ही त्यांच्यापासून लपवत होतो आणि ते आमच्यापासून.

पुढे त्यांच्या चपलेचे पट्टे पायात रुतू लागले. ताट अर्धवट टाकून ते उठायचे, पाठ दाराच्या चौकटीला घासायचे. आम्ही हवेला दोष दिला. रक्त तपासायला दादा एकदाच घेऊन गेला. "सारखं नेलं तर संशय येईल," म्हणाला. एका संध्याकाळी मी त्यांच्या नडगीवर बोट दाबलं. खड्डा पडला तो तसाच राहिला.

"काय बघतेस?"

"काही नाही, बाबा."

"हल्ली या घरात कुणालाच काही नसतं," ते म्हणाले आणि पाय आखडून घेतला.

पाचव्या महिन्यात ते दुकानातच धाप लागून कोसळले. हॉस्पिटलमध्ये रात्रपाळी संपवून निघालेली एक तरुण डॉक्टरीण थांबली, दादाने घरून आणलेली फाईल चाळली. आमच्या घरचा करार तिला ठाऊक नव्हता.

"काका, किडनीचा आजार कळल्यापासून दुखण्याच्या गोळ्या किती घेतल्यात?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग दादाकडे, मग माझ्याकडे.

"कधी कळला?"

"पाच महिने झाले. इथे लिहिलंय ना."

"रोज दोन," बाबा म्हणाले. "कधी तीन. सुयांच्या डबीत आहेत." मग दादाला, आवाज न चढवता, "अरे, मी गिऱ्हाइकालासुद्धा सांगतो रे."

"तुम्ही खचाल म्हणून, बाबा..."

"आणि आता?"

डायलिसिस लावलं. चौथ्या दिवशी ते गेले. भेटायला आलेली माणसं आईचा हात धरून सांगत होती, "शेवटपर्यंत कळू दिलं नाही हो. केवढी माया मुलांची!" दादा मान हलवत होता. मी पाण्याचे पेले भरत होते. त्या कौतुकाला आम्ही दोघांनीही नाही म्हटलं नाही.

वर्ष सरत आलं आणि आई एक दिवस न्हाणीघराच्या दारात घुटमळली. "तुला म्हणून सांगते, शौचाला रक्त पडतंय. दोन महिने झाले."

"दोन महिने? आई!"

"असलं काय बोलायचं कुणाशी?"

दुर्बिणीने तपासणी झाली. तुकडा तपासून आला. मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ. दादाने मला डॉक्टरांच्या खोलीबाहेर गाठलं.

"आईला अल्सर सांगू. मी डॉक्टरांशी बोलतो."

"नाही."

"तू मारशील तिला."

"बाबांना कुणी मारलं, दादा?"

तो भिंतीला टेकला. मी आत गेले आणि रिपोर्ट आईच्या हातात दिला.

"आई, कॅन्सर आहे. मोठ्या आतड्यात. लांब पसरलेला दिसत नाही. ऑपरेशन करायला लागेल."

आईने चष्मा लावला. कागद तिने मांडीवर धरला आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. रडली नाही असं नाही. दारात उभ्या असलेल्या दादाला म्हणाली, "उभा काय राहिलास चोरासारखा? बस."

मग ती डॉक्टरांकडे वळली. ते सवयीने दादाकडे बघून बोलायला लागले होते.

"डॉक्टर, इकडे बघा," आई म्हणाली. "पोट माझं आहे."